‘पण’च्या आधी थांबू या



आजचं चिंतन सभापर्वातल्या एका छोट्या संवादावर.

पहिल्या द्यूतात पांडव सगळं हरले, भर सभेत द्रौपदीची विटंबना झाली. मग अपशकुन होऊ लागले तसा धृतराष्ट्र घाबरला. त्याने द्रौपदीला वर दिले, पांडवांचं राज्यही परत केलं. ते निघाले, तेवढ्यात दुर्योधनाने पुन्हा डाव मांडायचा हट्ट धरला. गांधारीने नवऱ्याला बजावलं, मुलाच्या नादी लागून कुळाचा नाश ओढवून घेऊ नका. यावर धृतराष्ट्र म्हणतो, कुळ बुडायचं तर बुडो, मला अडवता येत नाही!

मी इथे थबकलो. अरे, आत्ताच तर तुझ्या एका शब्दावर सगळं थांबलं होतं ना?

म्हणजे ‘जमत नाही’ ही निव्वळ सबब होती. खरी कारणं आधीच दिसतात. डाव चालू असताना हा आनंदाने विचारत होता, जिंकलं का? मुलाच्या पापातला लाभ त्यालाही हवा होता. शिवाय भीती होती. द्यूताला परवानगी मिळावी म्हणून दुर्योधनाने जीव द्यायची भाषा केली होती.

आपण काय वेगळं करतो? भाऊ पिऊन बाईक चालवतो, आणि आपण म्हणतो, ‘कंट्रोल असतो त्याचा’, ‘सध्या टेन्शनमध्ये आहे’, ‘पण मनाने चांगला आहे’. असेलही. रस्ता ओलांडणाऱ्याला मात्र त्याचं मन दिसत नाही, गाडी लागते. आपली सबब त्याला वाचवत नाही. ती आपल्याला भांडणापासून वाचवते. किल्ली मागितली तर तो चिडेल, आठवडाभर बोलणार नाही, हेच आपल्याला नको असतं. आणि किंमत मोजतो तिसराच. तेव्हा आधी द्रौपदीने मोजली.

गांधारीही आईच होती. तिच्या तर डोळ्यांवर पट्टी होती. तरी तिला दिसलं आणि ती बोलली. माया असली की आंधळं व्हावंच लागतं, असं नाही.

आजचा संकल्प: आपल्या माणसाबद्दलचं वाक्य ‘पण’च्या आधी थांबवून बघू या. ‘तो पिऊन गाडी चालवतो.’ पूर्णविराम. मग किल्ली मागायचं बळ देवाकडे मागू या.

॥ श्रीकृष्णार्पणमस्तु ॥