बजरीगरची जोडी लावताना घाई नको

आधी एक स्पष्ट सांगतो. नागझिऱ्याच्या बाजूने किंवा शेतातल्या झाडाच्या ढोलीतून आणलेला देशी पोपट या धंद्यात चालणार नाही. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 नुसार तो पकडणं, विकणं, पाळणं गुन्हा आहे. सुरुवात ऑस्ट्रेलियन बजरीगरपासून करा.

वय किमान 10 महिने हवं. नराच्या नाकपुड्यांभोवतीचा भाग निळा, मादीचा तपकिरी. पण लाल डोळ्यांच्या पिवळ्या-पांढऱ्या पक्ष्यांत नराचाही गुलाबी-जांभळाच राहतो. इथेच नवखा माणूस चुकीची जोडी घेऊन घरी येतो!

नवा पक्षी महिनाभर वेगळा ठेवा, मग आठवडाभर पिंजरे शेजारी. जाळीतून नर दाणा भरवतोय असं दिसलं की एकत्र सोडा. मादी रक्त निघेपर्यंत मारत असेल तर लगेच वेगळं करा, हट्ट धरू नका. मडकं टांगायचं ते जोडी जमल्यावरच.

अंडी दिवसाआड, चार ते सहा. साधारण 18 दिवसांत पिल्लं, पुढे पाचेक आठवड्यांत ती मडक्याबाहेर. गोंदियाच्या मे महिन्यातल्या उन्हात मडकी काढूनच ठेवा. वर्षातून दोनदाच पिल्लं घ्या. तिसऱ्यांदा लोभ केला तर थकलेल्या मादीत अंडं अडकू शकतं, आणि मग जोडीचेच पैसे जातात.