घडीचं खेळ-टेबल : पाचवीच्या गणितातला एक सुतारी प्रकल्प

कॅरम, बुद्धिबळ आणि सारीपाट हे तीन खेळ एकाच घडीच्या लाकडी टेबलावर बसवायचे ठरवले, तर लाकूड आणण्याआधी एक प्रश्न सोडवावा लागतो : घडी नेमकी कुठे घालायची? आमच्या पनवेलच्या शाळेत पाचवीच्या मुलांनी हा प्रश्न सोडवला आणि एका पालकांनी, जे स्वतः सुतारकाम करतात, त्यावरून टेबल तयार करून दिलं. त्या प्रकल्पात गणिताचे कोणकोणते घटक आले आणि ते कसे घ्यावेत, ते या लेखात मांडते आहे.

गरज काय होती?

वर्गात कॅरम जमिनीवर मांडला जायचा. सगळे मांडी घालून बसायचे. वर्गातली एक मुलगी व्हीलचेअर वापरते. ती खेळाच्या तासाला गुण लिहायची. नियम तिला सगळ्यांपेक्षा जास्त पाठ, पण स्ट्रायकर हातात कधी आला नाही. टेबल हवं ते यासाठी. आणि वर्गखोली लहान असल्यामुळे तास संपला की ते कपाटामागे गेलं पाहिजे, म्हणून घडीचं.

मुलांना मी एवढंच सांगितलं, "टेबल असं हवं की चौघांपैकी कोणालाही बाजूला बसवावं लागणार नाही." पुढची सगळी मापं या एका वाक्यातून निघाली.

पहिलं माप : उंची

मुलांनी आधी व्हीलचेअर मोजली, अर्थात त्या मुलीला विचारून. टेप तिनेच धरली. जमिनीपासून गुडघ्याच्या वरच्या भागापर्यंत उंची 56 सेमी आणि खुर्चीची रुंदी 54 सेमी. गुडघा टेकू नये म्हणून टेबलाखाली 60 सेमी मोकळी जागा ठरली.

दुसरीकडे खेळाचेही नियम असतात. 1988 मध्ये चेन्नईत आंतरराष्ट्रीय कॅरम महासंघ स्थापन झाला. त्याच्या नियमांप्रमाणे कॅरमचा स्टँड 63 ते 70 सेमी उंच असावा. मग फळ्यावर बेरीज मांडली :

मोकळी जागा 60 सेमी + चौकटीची पट्टी 5 सेमी + बोर्डाची जाडी 1 सेमी = 66 सेमी.

66 ही संख्या 63 आणि 70 च्या मध्ये येते. म्हणजे एका मुलीच्या गरजेसाठी खेळाचा नियम मोडावा लागत नाही. हे मुलांनी स्वतः शोधलं, आणि "ती खऱ्या नियमाने खेळणार" असं एकाने लगेच जाहीर केलं.

तीन खेळ, तीन उत्तरं

आता घडीचा प्रश्न. मुलांना तिन्ही पट पुठ्ठ्यावर काढायला लावा आणि मधोमध घडी घालायला सांगा.

कॅरम : खेळायची जागा 74 सेमीचा चौरस. मधोमध घडी घातली तर तिथे फट पडणार. सोंगटी फटीवर अडखळणार, स्ट्रायकर उडणार. म्हणून कॅरम अखंडच हवा. घडी बोर्डाला नको, पायांना हवी.

बुद्धिबळ : 8 ओळी, 8 रांगा. 8 सम संख्या आहे, म्हणून मधली घडी चौथ्या आणि पाचव्या ओळीमधल्या रेषेवरच येते. एकही घर कापलं जात नाही. 5 सेमीचं एक घर धरलं तर पट 40 सेमीचा, आणि घडी घातल्यावर 40 × 20 सेमी.

सारीपाट : चार पट्टे, प्रत्येकात 3 रांगा आणि 8 ओळी, म्हणजे 24 घरं, चारी पट्ट्यांची मिळून 96. एका टोकापासून समोरच्या टोकापर्यंत मोजलं तर 8 + 3 + 8 = 19. विषम संख्या! मधोमध घडी घातली की दहावं घर दुभागतं. मग आपले पूर्वज काय करत होते? पट कापडाचा शिवत होते. कापड कुठेही दुमडता येतं. आम्हीही तेच केलं. घर 3.5 सेमीचं, म्हणून लांबी 19 × 3.5 = 66.5 सेमी. हा पट कॅरमच्या 74 सेमीत आरामात मावतो. बुद्धिबळ खेळताना हेच कापड खाली अंथरायचं, म्हणजे कॅरमला चरे पडत नाहीत.

सम-विषम आपण दुसरीपासून शिकवतो. पण विषम संख्येमुळे घर कापलं जातं हे पाहिल्यावर मुलांना ती संकल्पना वेगळी समजावून सांगावी लागली नाही.

बिजागरी वर की खाली?

बुद्धिबळाचा पट म्हणजे एक पेटीच. घडी घातली की आत सोंगट्या राहतात. यासाठी छोटी कृती करून घ्या. पुठ्ठ्याचे दोन तुकडे शेजारी ठेवा आणि सांध्यावर चिकटपट्टी लावा. पट्टी वरून लावली तर खेळायच्या बाजू एकमेकींवर मिटतात. खालून लावली तर खेळायच्या बाजू बाहेर राहतात आणि पोकळ बाजू आत मिटते. आपल्याला दुसरी रचना हवी, म्हणून बिजागऱ्या खालच्या कडेला.

पेटीची खोली किती? राजा 7.5 सेमी उंच. बऱ्याच मुलांनी 8 सेमी सांगितली. एकीने राजा आडवा झोपवून मोजला : 3 सेमी. मग दोन्ही अर्ध्या भागांत प्रत्येकी 2.5 सेमी पोकळी पुरते, मिळून 5 सेमी. वस्तू फिरवली की तिची "उंची" बदलते, हे पाठ्यपुस्तकातल्या आकृतीवरून इतक्या सहज कळत नाही.

124 सेमी 80 मध्ये कसे बसवायचे?

हा प्रकल्पातला सर्वांत चांगला प्रश्न. लाकडी चौकट आतून 80 सेमी. पाय 62 सेमी लांब. समोरासमोरच्या दोन पायांची लांबी 62 + 62 = 124. दोन्ही आतल्या बाजूला दुमडायचे, तर 44 सेमी एकमेकांवर चढणार आणि घडी जाड होणार.

मुलांना आइस्क्रीमच्या काड्या आणि पेटीचं झाकण दिलं. वीस मिनिटांत उत्तर आलं : एक जोडी थोडी आत सरकवायची. म्हणजे पाय एकमेकांवर चढण्याऐवजी शेजारी शेजारी झोपतात. पाय 4 सेमी रुंद, म्हणून दुसरी जोडी 5 सेमी आत घेतली. 1 सेमी हालचालीला मोकळा. घडी झालेले पाय चौकटीच्या 5 सेमी जाडीतच मावले.

पायांना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या फक्त दोन बाजूंना ठेवल्या. उरलेल्या दोन बाजू पूर्ण मोकळ्या. तिथे पायांमधलं अंतर 72 सेमी आणि खुर्ची 54 सेमी, म्हणजे दोन्हीकडे 9-9 सेमी जागा.

सुतारकाकांचा तास

काकांनी वर्गात येऊन पहिलाच प्रश्न विचारला, "पोरांनो, चौकटीची पट्टी किती सूत?" सगळे गप्प. मग त्यांनी सांगितलं, एका इंचाचे आठ भाग, त्यातला एक भाग म्हणजे एक सूत. मुलांनी मांडलं : 4 सूत म्हणजे 4/8, अर्धा इंच. 6 सूत म्हणजे 6/8, पाऊण इंच. सममूल्य अपूर्णांकांचा पाठ तिथेच झाला. आमच्या नकाशातली 2 सेमीची पट्टी काकांच्या भाषेत सहा सूत.

दुसरी गोष्ट, "करवत लाकूड खाते." 62 सेमीचे चार पाय म्हणजे 248 सेमी. पण एका पट्टीतून चार पाय कापायला तीन काप लागतात. एक काप 3 मिमी खातो, तर 9 मिमी भुसा होतो. म्हणून 248 ची पट्टी कमी पडते. हे उदाहरण पुस्तकाच्या वजाबाकीत नसतं.

तिसरी गोष्ट कर्णाची. चौकट जोडल्यावर काकांनी गुण्या लावला आणि शिवाय दोन्ही कर्ण मोजले. बाहेरून 84 सेमीच्या चौरसाचे दोन्ही कर्ण 118.8 सेमी भरले पाहिजेत. चारी बाजू समान असूनही चौकट तिरकी असू शकते. तेव्हा कर्ण लहान-मोठे होतात. चार काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह-ट्यूबचे तुकडे घेऊन हे वर्गात करून बघा.

आणि चौथी, आपल्या कोकणची. पावसाळ्यात दारं फुगून अडकतात, हे पनवेलच्या प्रत्येक मुलाला माहीत असतं. लाकूड रेषांच्या आडव्या दिशेने जास्त फुगतं, लांबीच्या दिशेने फारच कमी. प्लायवूडमध्ये थर एकमेकांना आडवे चिकटवलेले असतात, म्हणून ते कमी वाकतं. त्यासाठी वरचा पृष्ठभाग प्लायचा आणि पाय सागाचे घेतले.

पनवेलला सुतारकाम नवं नाही. एके काळी इथली बैलगाडीची चाकं प्रसिद्ध होती. घरी आजी-आजोबांना विचारा, हा गृहपाठ मुलांना आवडतो.

वर्गात घेताना

कापणं, छिद्र पाडणं ही कामं मोठ्यांनीच करावीत. मोजणं, नकाशा काढणं, काचपेपर घासणं, पटाची घरं आखणं हे मुलांचं काम. कॅरमवर बोरिक पावडर वापरत असाल तर खेळ झाल्यावर हात धुवायला लावा. घडी उघडताना बोटं सापडू नयेत म्हणून दोघांनी मिळूनच टेबल उघडायचं, हा नियम लिहून लावा.

1937 साली वर्ध्याला नई तालीमचा विचार मांडला गेला, तेव्हापासून हाताच्या कामातून शिक्षण ही कल्पना आपल्या महाराष्ट्राला ओळखीची आहे. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही सहावी ते आठवीसाठी दप्तराविना 10 दिवसांची सूचना आहे आणि त्यात सुतारकामाचं नाव आहे. पाचवीत त्याची तयारी करायला हरकत नाही.

पालकांसाठी : लाकूड नको असेल तर पुठ्ठ्याची घडीची बुद्धिबळपेटी घरी एका रविवारी होते. मुलांना मापं सांगू नका. फक्त तीन प्रश्न विचारा. कोण खेळणार आहे? घडी कुठे येईल? मिटल्यावर कुठे ठेवणार?

आता शुक्रवारी शेवटच्या तासाला गुण कोणी लिहायचे, यावरून वर्गात वाद होतो. पाळी लावली आहे. स्ट्रायकर मात्र त्या मुलीचाच सरळ जातो, आणि राणी घेतल्यावर कव्हर घ्यायला ती विसरत नाही.