आरशावरचा मळ (गीता, अध्याय 3, श्लोक 36 ते 38)



आजचे तीन श्लोक कर्मयोगाच्या अध्यायाच्या शेवटाकडचे आहेत. अर्जुन विचारतो, माणसाची इच्छा नसतानासुद्धा कुणीतरी ढकलल्यासारखा तो पाप का करतो? श्रीकृष्ण म्हणतात, रजोगुणातून निघालेला काम आणि क्रोध. आणि लगेच तीन दृष्टांत देतात: धुराने झाकलेला अग्नी, मळाने झाकलेला आरसा, वारेने वेढलेला गर्भ. काही भाष्यकार यात पायऱ्या बघतात. धूर वाऱ्याने जातो, आरसा आपल्याला पुसावा लागतो आणि गर्भाला वेळच द्यावा लागतो.

मूळ श्लोकात आरशासाठी शब्द आहे 'आदर्श'. आपण मराठीत आदर्श म्हणजे कुणासारखं तरी व्हायचं असं समजतो. संस्कृतमध्ये आधी तो नुसता आरसा, ज्यात बघायचं तो.

मला हा श्लोक कळला (म्हणजे बोचला) तो गाडीच्या साइड मिररमुळे.

गेल्या दत्तजयंतीला मामांना घेऊन सारंगखेड्याच्या यात्रेला गेलो होतो. तापीकाठचं दत्तमंदिर, घोड्यांचा बाजार, तोबा गर्दी. माझी हॅचबॅक काही खरी स्पोर्ट्स कार नाही, पण लाल पट्टे आणि दोन सायलेन्सर असल्यामुळे मामा तिला 'रेसची गाडी' म्हणतात, आणि खरं सांगायचं तर मला ते आवडतं. परत शहाद्याकडे येताना समोरून उसाचा ट्रॅक्टर आला, मागे दोन ट्रॉल्या. डिसेंबर म्हणजे हंगाम, रस्ताभर ऊसच. ट्रॉलीबाहेर आलेल्या उसाच्या मोळीचा माझ्या बाजूच्या मिररला फटका बसला. मिरर आत दुमडला, काच निखळून रस्त्यावर पडली आणि फुटली.

मी उतरलो. ट्रॅक्टरवरचा पोरगा एकोणीस-वीसचा असेल, धडगावकडचा. त्याने आधीच हात जोडले होते. मी त्याला काय काय बोललो ते इथे लिहीत नाही. ट्रॅक्टरच्या नंबरचा फोटो काढला, पोलिसांचं नाव घेतलं, दोन हजार मागितले. त्याच्या खिशात सातशे होते. तीनशे त्याने ट्रॉलीवरच्या जोडीदाराकडून घेतले. ते हजार रुपये मी घेतले. मामा मागच्या सीटवर प्रसादाची पिशवी मांडीवर धरून बसले होते. शहाद्यापर्यंत एक शब्द बोलले नाहीत.

शहाद्यात मेकॅनिककडे गेलो. मी म्हटलं, सगळा मिररच बदला. तो हसला. साइड मिरर म्हणजे एक वस्तू नसते हे मलाही तेव्हाच नीट समजलं. बाहेरचं कव्हर, आतला सांगाडा, काच वर-खाली फिरवणारी छोटी मोटर, आणि काचेच्या मागची प्लास्टिकची प्लेट, जी क्लिपांनी मोटरवर दाबून बसते. फटका बसला की अख्खा मिरर दुमडतो तो मोडावा म्हणून नव्हे, वाचावा म्हणून. त्याने तो उघडला, बटण दाबून मोटर फिरवून बघितली. उत्तम चालू. मग बॅटरीच्या उजेडात क्लिपा बघितल्या आणि म्हणाला, "हाई क्लिप आज तुटेल नई शे, भाऊ."

म्हणजे क्लिप आज तुटलेलीच नाही. त्याने दाखवलं. काळं प्लास्टिक नुकतं तुटलं की कडा स्वच्छ, पांढरट दिसते. माझ्या दोन क्लिपांच्या कडांवर धूळ बसून घट्ट झाली होती. शेजारी दुहेरी चिकटपट्टीचा वाळलेला तुकडा होता.

ती पट्टी मीच लावली होती. ऑक्टोबरमध्ये पुण्यात पार्किंगच्या खांबाला मिरर घासला, काच सैल झाली, मी यूट्यूब बघून चिकटवून टाकली. त्यानंतर बटण दाबलं की मोटरचा आवाज यायचा आणि काच हलायचीच नाही. दोन महिने मी ते चालवून घेतलं. उन्हाने पट्टी सुटत आलेली. उसाच्या जागी एखादी फांदी लागली असती तरी काच पडलीच असती.

श्लोकात मळ आरसा झाकतो. इथे मात्र मळानेच मला उघडं पाडलं, हे मला अजून गंमतीचं वाटतं. रस्त्यावर मी त्या पोराला बघतच नव्हतो. माझ्या आणि त्याच्या मध्ये माझी लाल पट्ट्यांची गाडी उभी होती. कृष्ण आरसा फुटला असं म्हणत नाहीत, झाकला म्हणतात. मला हा फरक दिलासा कमी आणि अडचण जास्त वाटतो. फुटला असता तर 'माझा स्वभावच तापट' म्हणून मोकळा झालो असतो. झाकलाय म्हटल्यावर फडकं घ्यावं लागतं.

मेकॅनिकने सपाट काच कापून बसवायला नकार दिला. मिररची काच किंचित फुगीर असते, त्यामुळे जास्त रस्ता मावतो पण मागची गाडी आहे त्याहून लांब वाटते. डोळ्याला त्याची सवय झालेली असते, सपाट काचेत अंदाज चुकतो. दुसऱ्या दिवशी नंदुरबारहून प्लेटसकट काच आली. क्लिपा जुळवल्या, फडकं धरून तळव्याने मधोमध दाबलं, टक् आवाज आला. साडेसहाशे रुपये.

मग फोटोतला नंबर घेऊन साखर कारखान्याबाहेरच्या रांगेत गेलो. पाऊण तास शोधल्यावर ट्रॅक्टर सापडला. मला बघून पोरगा चटकन उभा राहिला, पुन्हा हात जोडायला लागला. मी म्हटलं, काच आधीच सुटलेली होती, चूक माझी, माफ कर. हजार रुपये दिले. त्याने विचारलं, "बसली का काच?" म्हटलं, बसली.

त्याने नोटा मोजल्या आणि आधी तीनशे वेगळे काढून जोडीदाराला दिले.

उद्या श्लोक 39.

राम कृष्ण हरी.