आधी काट्यावर शून्य दाखव

बाबू, चामोर्शीचं हे दुकान आता तुझं. एका बाजूला घड्याळं, दुसऱ्या बाजूला सोनं-चांदी, पण गिऱ्हाईक एकच. धान विकून आला की बायकोला डोरलं घेतो आणि त्याच पावली बापाचं बंद पडलेलं एचएमटी टाकून जातो.

वजनाआधी पंखा बंद कर, काट्यावर शून्य दाखव, मग डाग ठेव. वाऱ्यानं आकडा नाचला की माणसाच्या मनात किंतु येतो. म्हातारी माणसं तोळ्यात बोलतात. त्यांचा तोळा ११.६६४ ग्रॅमचा, आजच्या भावातला १० ग्रॅमचा. हा फरक भाव सांगण्याआधीच सांग. मोड आली तर गाळण्याआधी घट बोलून घे. सांध्यात डाक असतं, पोकळ मण्यांत लाख असते, वजन उतरणारच. नंतर सांगशील तर सात पिढ्यांचा सोनार असलास तरी चोर ठरशील. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कवर सहा अक्षरी एचयूआयडी लागतो. तो भिंगातून गिऱ्हाइकालाच वाचायला लाव.

रोवणीच्या तोंडावर बाया डोरलं घेऊन येतील, "ठेवून घ्या, पैसे द्या" म्हणतील. परवाना नसताना गहाण घ्यायचं नाही, ओळखीपोटीही नाही. २०१४ च्या सावकारी कायद्यात त्याला तुरुंग आहे. सोनंतारण देणाऱ्या बँकेपर्यंत हवं तर सोबत जा.

घड्याळांनी माझा वेळ खाल्ला. पैसा सोन्यानंच दिला. तरी जीव घड्याळांतच. चावी भरलेली आहे आणि काटा हलत नाही, तर बहुतेक वेळा तेल वाळलेलं असतं. आपल्याकडचा मे महिना तेल ठेवत नाही. नवं तेल सुईच्या टोकावर राहील एवढंच लाव. जास्तीचं पसरतं आणि धूळ धरतं. खाणींकडच्या घड्याळांत तर कोळशाची भुकटीच निघते.

चांगलं चालणारं घड्याळ एकाएकी दिवसाला दहा-वीस मिनिटं पुढं धावू लागलं, तर उघडण्याआधी होकायंत्रावर धर. टिकटिकीबरोबर सुई थरथरली तर स्पीकरशेजारी राहून हेअरस्प्रिंगमध्ये चुंबकत्व भरलंय, तिचे वेढे एकमेकांना चिकटतात. डीमॅग्नेटायझरचं काम, धुलाईचे पैसे लावू नकोस.

सेलच्या घड्याळातला मेलेला सेल आधी काढ. गळला की सर्किट खातो. वरच्या फळीवरची मोडकी एचएमटी भंगारात देऊ नकोस. एचएमटी वॉचेस बंद करायचं सरकारनं २०१६ मध्ये ठरवलं, तेव्हापासून आपले सुटे भाग त्यांच्यातूनच निघतात. सोनारकामाच्या बाकड्याखालची मातीही रोज झाडून साठव, तिच्यातल्या सोन्यासाठी झारेकरी पैसे देतो.

महाशिवरात्रीला मार्कंड्याची जत्रा भरली की दुकान लवकर उघड. जत्रेला आलेली माणसं पोरांचे कान टोचायला आणतील. तार सोन्याचीच घे, स्पिरिटनं पूस, आणि पहिल्या कानाचं रडू फुटायच्या आत दुसरा उरकून टाक.