वेल्डिंगचे टेबल आणि आयताचे कर्ण

मी शिक्षक आहे, फॅब्रिकेटर नाही. पण शाळेतले मोडके लोखंडी बाक सुट्टीत घरी आणून जोडायची मला सवय आहे. माझे पहिले टेबल मी अंगणात अंदाजाने जोडले होते. त्यावर दुरुस्त केलेले सहाही बाक वर्गात डुगडुगायला लागले. मुलांचं अक्षर हलतंय म्हणून मी मुलांनाच रागावत होतो! मूळ दोष टेबलात होता, ते वाकडे होते.

आता एक प्रश्न. समोरासमोरच्या बाजू सारख्या असल्या की आयत झालाच का? नाही. कोपरे जरा सरकले तरी बाजूंची मापे तीच राहतात, पण आकृती समांतरभुज चौकोन होते. आयताची खूण म्हणजे त्याचे दोन्ही कर्णही समान असतात. म्हणून फ्रेमचे बाहेरचे माप 80 सेमी × 60 सेमी घ्या. पायथागोरसच्या नियमाने कर्ण बरोबर 100 सेमी येतो. टेप लावला की लगेच कळते, गुण्यावर विसंबायची गरज नाही.

वरची प्लेट 90 × 70 सेमी, 10 मिमी जाडीची घ्या. तिचे वजन साधारण 50 किलो भरते, तेव्हा उचलायला दोघे हवेत. चारही बाजूंनी 5 सेमी प्लेट फ्रेमच्या बाहेर राहते, तिथे क्लॅम्प बसतो. भंगारातून घेतली तरी चालेल, पण पट्टी आडवी-तिरपी ठेवून सपाट आहे का ते बघूनच घ्या. फ्रेमला आणि पायांना 50 × 50 मिमीचा, 3 मिमी जाडीचा चौकोनी पाइप पुरतो. जस्ताचा मुलामा असलेला पाइप घेऊ नका. त्याच्या धुराने थंडी-ताप भरतो.

प्लेट जमिनीवर उलटी ठेवा आणि फ्रेम तिच्यावरच जुळवा, कारण घरात तिच्याइतके सपाट दुसरे काही नसते. आता घाई नको. आधी प्रत्येक कोपऱ्याला फक्त टॅक मारा आणि कर्ण मोजा. फरक असेल तर लांब कर्णाच्या कोपऱ्यावर हलका हातोडा मारा. दोन्ही कर्ण जुळले की मगच पूर्ण वेल्डिंग, तेही एक कोपरा झाला की त्याच्या समोरचा. असे का? 1 मीटर लांबीचे पोलाद 100 अंशांनी तापले तर सुमारे 1.2 मिमी वाढते. वेल्ड थंड होताना आकसतो आणि पाइपला आपल्याकडे ओढतो. एकाच बाजूने सलग वेल्डिंग केले की सगळी ओढ तिकडेच जाते. माझी चूक नेमकी हीच होती. प्लेटलासुद्धा सलग वेल्ड करू नका, 15 सेमी अंतराने अडीच सेमीचे तुकडे पुरेत.

टेबलाची उंची उभे राहून हात सैल राहील इतकी, म्हणजे साधारण 85 ते 90 सेमी ठेवा. पायांच्या तळाला नट वेल्ड करून त्यात बोल्ट फिरवला की खडबडीत जमिनीवरही टेबल समपातळीत येते. खाली पायांना आडवे पाइप जोडायला विसरू नका.

शेवटी पीळ तपासायचा. कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत दोन दोरे ताणा. मधोमध ते एकमेकांना नुसते टेकले पाहिजेत. मग वरचा दोरा खाली घेऊन पुन्हा बघा. एकदा फट आणि एकदा दाब दिसला तर पीळ आहे, बोल्ट फिरवून काढा.

वरच्या प्लेटला रंग देऊ नका. रंगामुळे अर्थिंग नीट लागत नाही, तेलाचा हात फिरवला की झाले. आणि वेल्डिंग चालू असताना पोरांना अंगणात येऊ देऊ नका. उघड्या डोळ्यांनी ठिणगी पाहिली की रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखे होते.

त्या सहापैकी चार बाक मी ग्राइंडरने कापून नव्या टेबलावर पुन्हा जोडले. दोन राहिलेत, ते दिवाळीच्या सुट्टीत घेईन.