चुकांची वही

प्रास्ताविक

मराठी भाषक कुटुंबे आज केवळ महाराष्ट्रात आणि गोव्यात राहत नाहीत. वडोदरा, इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद, तंजावर अशा अनेक ठिकाणी ती पिढ्यान्‌पिढ्या नांदत आहेत. घरात मराठी, बाजारात त्या त्या प्रांताची भाषा आणि परीक्षेत इंग्रजी, असा तीन भाषांचा संसार तेथील विद्यार्थ्याला सांभाळावा लागतो. यांपैकी पहिल्या दोन भाषा तो न घाबरता बोलतो. तिसरीचे नाव काढताच मात्र त्याचा आत्मविश्वास डळमळतो. असे का होते आणि यावर उपाय कोणता, याचा विचार प्रस्तुत पाठात केला आहे.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर आपण
• इंग्रजी लिहिताना होणाऱ्या चुकांमागील कारणे सांगू शकाल;
• मराठी आणि इंग्रजी वाक्यरचनेतील महत्त्वाचे भेद ओळखू शकाल;
• स्वतःच्या चुकांची वही तयार करू शकाल;
• परीक्षेपूर्वीच्या बारा आठवड्यांच्या अभ्यासाचे नियोजन करू शकाल.

मूळ पाठ

१. एका वाक्याचे ओझे

इंदूरमधील एक विद्यार्थिनी डोळ्यांसमोर आणू. दहावीच्या परीक्षेत ती इंग्रजीत अनुत्तीर्ण झाली आणि तिचे शिक्षण तेथेच थांबले. पुढे लग्न झाले, मुलगी झाली. मुलगी शाळेत जाऊ लागली, तेव्हा तिच्या वहीतील इंग्रजी वाक्ये तपासताना आईची बोटे अडखळू लागली. एके दिवशी मुलीने सहज विचारले, “आई, तुला हे येत नाही का?” त्या प्रश्नाने तिने मुक्त विद्यालयात प्रवेश घेतला. घरकाम आणि शिवणकाम सांभाळून ती बाकीच्या विषयांचा अभ्यास नेटाने करू लागली. इंग्रजीचे पुस्तक मात्र कपाटातच राहिले. कारण एकच होते. “मला इंग्रजी येत नाही,” हे वाक्य तिने इतक्या वर्षांत इतक्या वेळा म्हटले होते, की ते तिला जन्मजात व्यंगासारखे वाटू लागले होते.

या वाक्याचा दोष असा, की त्याच्यावर उपाय करता येत नाही. ‘इंग्रजी’ ही एवढी मोठी गोष्ट आहे, की ती संपूर्ण येते असे म्हणणेही कठीण आणि मुळीच येत नाही असे म्हणणेही चूक. आपल्याला नेमके काय येत नाही, हे शोधल्यावाचून अभ्यासाला दिशा मिळत नाही.

तिने प्रथम अनेकांसारखाच मार्ग धरला. मार्गदर्शक पुस्तकातील पत्रे आणि निबंध तिने पाठ केले. पाणीपुरवठ्याच्या तक्रारीचे पत्र तर शब्दन्‌शब्द तोंडपाठ झाले. सराव परीक्षेत विषय आला, तो गल्लीतील बंद पडलेल्या दिव्यांचा. तिने पाठ केलेले पत्र उतरवून काढले आणि त्यात ‘वॉटर’ या शब्दाच्या जागी ‘लाइट’ हा शब्द घातला. परिणामी त्या पत्रात दिवे गढूळ येत होते आणि ते उकळून घ्यावे लागत होते! हसू येण्यासारखाच हा प्रकार. परंतु घोकलेली भाषा प्रश्न बदलताच निरुपयोगी ठरते, हे त्यातून तिला उमगले.

२. चुका आठ की तीन?

त्यानंतर अभ्यास केंद्रावरील शिक्षिकेने तिला एक साधे काम सांगितले. कोणतेही पुस्तक न पाहता ‘माझा दिवस’ या विषयावर दहा वाक्ये लिहायची. तिने ती भीतभीतच लिहिली. शिक्षिकेने आठ ठिकाणी लाल खूण केली. विद्यार्थिनीचा चेहरा उतरला. तेव्हा त्या म्हणाल्या, “या आठ चुका एकदा शेजारी शेजारी मांडून तर पाहा.”

तिने त्या मांडल्या. चार ठिकाणी ‘गोज’, ‘कुक्स’ यांसारख्या रूपांऐवजी ‘गो’, ‘कुक’ असे लिहिले होते. दोन ठिकाणी ‘सिन्स’ हा शब्द चुकीच्या जागी आला होता. उरलेल्या दोन ठिकाणी ‘अ’ किंवा ‘द’ ही उपपदे सुटली होती. म्हणजे चुका आठ नव्हत्या. चुकांचे प्रकार तीनच होते. “मला इंग्रजी येत नाही,” या मोठ्या वाक्याच्या जागी आता तीन लहान वाक्ये आली आणि त्या प्रत्येकावर उपाय होता. त्याच दिवशी तिने शंभर पानी वही आणली आणि पहिल्या पानावर लिहिले : चुकांची वही.

३. चुकांचे मूळ

मराठी विद्यार्थ्याच्या चुका बहुधा अज्ञानातून होत नाहीत. मराठीची वळणे नकळत इंग्रजीत उतरल्यामुळे त्या होतात. म्हणून ज्याला आपल्या भाषेचे व्याकरण ठाऊक आहे, त्याला या चुका लवकर पकडता येतात. काही नेहमीची उदाहरणे पाहू.

(अ) शब्दक्रम : मराठीत कर्ता, कर्म आणि शेवटी क्रियापद असा सर्वसाधारण क्रम असतो : ‘मी पुस्तक वाचतो.’ इंग्रजीत क्रियापद कर्त्यामागोमाग येते : ‘आय रीड अ बुक.’ मराठीत विभक्तिप्रत्ययांमुळे शब्दांची जागा बदलली तरी अर्थ सहसा टिकतो. ‘रामाने गोविंदाला बोलावले’ आणि ‘गोविंदाला रामाने बोलावले’ यांत बोलावणारा रामच राहतो. इंग्रजीत मात्र नामांची अदलाबदल केली की बोलावणाराच बदलतो.

(आ) क्रियापदाचे रूप : ‘मी जातो, तू जातोस, ते जातात’ असे मराठी क्रियापद पुरुष व वचन यांप्रमाणे बदलते. इंग्रजीच्या साध्या वर्तमानकाळात ‘आय गो, यू गो, दे गो’ असे एकच रूप चालते. बदल होतो तो केवळ तृतीय पुरुषी एकवचनात : ‘शी गोज.’ बदल एकाच ठिकाणी असल्यामुळे तो विसरला जातो.

(इ) ‘पासून’चे दोन अर्थ : ‘पाच वर्षांपासून’ आणि ‘२०२० पासून’ या दोन्ही ठिकाणी मराठीला ‘पासून’ हा एकच शब्द पुरतो. इंग्रजीत कालावधी सांगायचा असेल तर ‘फॉर’ आणि आरंभाचा क्षण सांगायचा असेल तर ‘सिन्स’ वापरतात. ‘मी येथे पाच वर्षांपासून राहते’ याचे इंग्रजी ‘आय ॲम लिव्हिंग हिअर सिन्स फाइव्ह इयर्स’ असे न करता ‘आय हॅव बीन लिव्हिंग हिअर फॉर फाइव्ह इयर्स’ असे करावे लागते.

(ई) प्रत्ययांचे शब्दशः भाषांतर : ‘तो माझ्यावर रागावला’ यातील ‘वर’ पाहून विद्यार्थी ‘ॲंग्री ऑन मी’ असे लिहितो, रूढ रचना ‘ॲंग्री विथ मी’ अशी आहे. ‘मी त्याला विचारले’ यातील ‘ला’साठी तो ‘टू’ घालतो. परंतु ‘आय आस्क्ड हिम’ एवढेच पुरेसे असते. ‘परीक्षेविषयी चर्चा केली’ असे लिहिताना ‘डिस्कस’ या क्रियापदापुढे ‘अबाउट’ लागत नाही.

(उ) नकारार्थी भूतकाळ : ‘मी गेलो नाही’ या मराठी वाक्यात भूतकाळ ‘गेलो’ या रूपातच असतो. त्यामुळे ‘आय डिड नॉट वेंट’ असे लिहिले जाते. इंग्रजीत ‘डिड’ हा शब्द भूतकाळाचा भार उचलतो. म्हणून मुख्य क्रियापद मूळ रूपात येते : ‘आय डिड नॉट गो.’

(ऊ) उपपदे : मराठीत ‘अ’, ‘ॲन’, ‘द’ यांसारखी उपपदे नाहीत. त्यामुळे ती गाळली जातात. शिवाय ‘अ’ की ‘ॲन’ हे अक्षरावरून ठरत नाही, उच्चारावरून ठरते. म्हणून ‘ॲन अवर’, पण ‘अ युनिव्हर्सिटी’.

मराठी आणि इंग्रजी वाक्ये अशी समोरासमोर ठेवून शिकण्याची रीत आपल्याकडे जुनीच आहे. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर मराठी विद्यार्थ्यांच्या अनेक पिढ्यांनी इंग्रजी गिरवले, ते याच पद्धतीने.

पाठगत प्रश्न १

योग्य पर्याय निवडा.
१. ‘आय हॅव बीन वेटिंग –––– टेन मिनिट्स.’ (फॉर / सिन्स)
२. ‘ही डिड नॉट –––– टू स्कूल.’ (गो / वेंट)
३. ‘माय सिस्टर –––– इन अ बँक.’ (वर्क / वर्क्स)

४. वापरातून येणारी भाषा

चुका कळणे ही अर्धी वाट झाली. उरलेली अर्धी वाट वापराची आहे. या संदर्भात डॉ. आनंदीबाई जोशी यांचे उदाहरण लक्षात घेण्यासारखे आहे. १८६५ मध्ये कल्याण येथे जन्मलेल्या आनंदीबाईंचे लग्न नवव्या वर्षी झाले. पती गोपाळराव टपाल खात्यात होते. त्यांच्या बदल्यांमुळे अलिबाग, कोल्हापूर, भूज, श्रीरामपूर (बंगाल) अशा गावी त्यांचा संसार फिरत राहिला. सलग शालेय शिक्षण दुर्मीळच होते. या काळात अमेरिकेतील श्रीमती कार्पेंटर यांच्याशी त्यांचा इंग्रजीतून पत्रव्यवहार सुरू झाला. आपले सण, चालीरीती, आजार आणि आकांक्षा त्या पत्रांतून सांगू लागल्या. १८८३ मध्ये श्रीरामपूर येथे त्यांनी आपण अमेरिकेला का जात आहोत, हे इंग्रजीतून जाहीर भाषण करून सांगितले. १८८६ मध्ये त्या अमेरिकेतून वैद्यकशास्त्राच्या पदवीधर झाल्या. त्यांनी इंग्रजी वापरले, ते कोणाला तरी काही सांगायचे होते म्हणून.

आजच्या विद्यार्थ्यालाही हा मार्ग मोकळा आहे. रोज पाच वाक्ये लिहावीत. परंतु ती स्वतःच्या दिवसाविषयी असावीत. इंदूरच्या त्या विद्यार्थिनीने शिवायला आलेल्या कपड्यांची नोंद इंग्रजीतून ठेवण्यास आरंभ केला : कोणाचे माप, कोणता रंग, कधी द्यायचे. ‘स्लीव्ह’, ‘कॉलर’, ‘बटन’ हे शब्द तर तिच्या रोजच्या बोलण्यात आधीपासूनच होते. इंग्रजी आपल्या घरात केव्हाच येऊन बसले आहे, हे तेव्हा तिच्या लक्षात आले.

५. बारा आठवड्यांचे नियोजन

परीक्षेपूर्वी बारा आठवडे हाताशी असतील आणि रोज पाऊण तास देता येत असेल, तर पुढीलप्रमाणे आखणी करता येते.

पहिले चार आठवडे : पंधरा मिनिटे पाठ्यपुस्तकातील एक उतारा मोठ्याने वाचावा. मराठीत शब्द बहुतांशी लिहिल्याप्रमाणे उच्चारले जातात. इंग्रजीत तसे नसते. म्हणून आकाशवाणीवरील इंग्रजी बातम्या ऐकून उच्चारांकडे कान द्यावा. पुढील पंधरा मिनिटे पाच वाक्ये लिहावीत. उरलेल्या वेळात चुकांची वही चाळावी.

मधले चार आठवडे : न वाचलेला उतारा घेऊन आधी प्रश्न व नंतर उतारा वाचावा. अडलेल्या शब्दाचा अर्थ प्रथम संदर्भावरून ताडावा आणि मगच शब्दकोश उघडावा. आठवड्यातून दोन पत्रे व एक परिच्छेद लिहावा. पत्राचा आराखडा लक्षात ठेवावा. मजकूर मात्र दर वेळी नवा असावा.

शेवटचे चार आठवडे : दर आठवड्याला एक पूर्ण प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवावी. शेवटची दहा मिनिटे स्वतःच्या नेहमीच्या चुका शोधण्यासाठी राखून ठेवावीत. अखेरच्या आठवड्यात नवे काही न शिकता वहीच वाचावी.

शब्दांची उजळणी अंतराने करावी. जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये स्मरणशक्तीविषयीचे आपले प्रयोग प्रसिद्ध केले. शिकलेले आरंभी झपाट्याने विसरले जाते, नंतर विसरण्याचा वेग मंदावतो, आणि एकाच बैठकीत घोकण्यापेक्षा अंतराअंतराने केलेली उजळणी अधिक टिकते, असे त्यांना आढळले. म्हणून आज शिकलेला शब्द उद्या, तीन दिवसांनी आणि आठवड्याने पुन्हा पाहावा.

६. वहीचे शेवटचे पान

चुकांच्या वहीत चार रकाने असावेत : लिहिलेले वाक्य, शुद्ध वाक्य, चुकीचे कारण आणि त्याच नियमाचे स्वतः रचलेले नवे वाक्य. यांतील चौथा रकाना सर्वांत महत्त्वाचा. शुद्ध वाक्य दुसऱ्याने दिलेले असते. नवे वाक्य मात्र आपले असते. एखादी चूक सलग तीन आठवडे झाली नाही, तर तिच्यावर काट मारावी.

बाराव्या आठवड्यात त्या विद्यार्थिनीने वही उघडली, तेव्हा निम्म्याहून अधिक ओळींवर काट मारलेली होती. काही चुका उरल्या होत्या. पण त्या आता ओळखीच्या होत्या. शेजारी बसलेल्या मुलीने आपली वही पुढे केली आणि म्हणाली, “आई, यात काही चुकलंय का बघ ना.” आईने वाक्य वाचले, ‘सिन्स’खाली रेघ ओढली आणि ‘पासून’चे दोन अर्थ तिला समजावून सांगितले. परीक्षा अजून व्हायची होती. तरीही मुलीच्या एका जुन्या प्रश्नाचे उत्तर त्या संध्याकाळी दिले गेले होते.

आपण काय शिकलो

• ‘इंग्रजी येत नाही’ असे सरसकट न म्हणता नेमके काय येत नाही, ते शोधावे.
• पुष्कळशा चुका मराठी वळणांच्या शब्दशः भाषांतरातून होतात. मराठीचे व्याकरण जाणल्यास त्या लवकर सुधारतात.
• पाठांतरापेक्षा रोजचे थोडे लेखन, वाचन व श्रवण अधिक उपयोगी पडते.
• उजळणी अंतराने करावी आणि स्वतःच्या चुकांची नोंद ठेवावी.

पाठान्त प्रश्न

१. पाठ केलेले पत्र सराव परीक्षेत का उपयोगी पडले नाही? तीन-चार वाक्यांत लिहा.
२. ‘चुका आठ नव्हत्या; चुकांचे प्रकार तीनच होते.’ या विधानाचे महत्त्व स्पष्ट करा.
३. मराठी व इंग्रजी शब्दक्रमातील भेद स्वतःची उदाहरणे देऊन सांगा.
४. आनंदीबाई जोशी यांच्या उदाहरणातून विद्यार्थ्याने कोणता बोध घ्यावा?
५. उपक्रम : ‘माझा दिवस’ या विषयावर इंग्रजीत दहा वाक्ये लिहा, ती जाणकाराकडून तपासून घ्या आणि चुकांचे प्रकारानुसार वर्गीकरण करा.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

१. फॉर २. गो ३. वर्क्स