वाऱ्याला विचारून निघा

आइसलँडला जायचं ठरल्यावर जो तो आम्हाला थंडीची भीती घालत होता. त्यामुळे लोकरीचे मोजे, कानटोप्या, थर्मल यांनीच बॅग भरली. वाऱ्याबद्दल मात्र कुणी चकार शब्द काढला नाही, आणि आमच्या सहलीची घडी विसकटली ती वाऱ्यानेच.

भाड्याच्या कॅम्पर व्हॅनने रिंग रोड धरायचा आणि बेटाला पूर्ण फेरी घालायची, असा आम्हा दोघांचा बेत होता. सुमारे १,३२० किलोमीटरचा हा रस्ता बहुतेक ठिकाणी दोनच पदरी आहे. दक्षिणेकडच्या वीक गावातून पूर्वेला निघायच्या सकाळी लख्ख ऊन होतं. पण रस्त्यांची स्थिती दाखवणाऱ्या सरकारी नकाशावर पुढचा पट्टा लाल दिसला. वाऱ्यामुळे रस्ता बंद! पेट्रोल पंपावर आमच्या शेजारच्या गाडीचं दार उघडताच वाऱ्याने उलटं फिरवलं आणि ते पुन्हा लागेचना. पुढे योकुलसार्लोनच्या हिमनगांमधल्या बोटफेरीचे पैसे आम्ही आधीच भरले होते, ते बुडाले. रात्रभर व्हॅन हलत राहिली, डोळ्याला डोळा लागला नाही.

म्हणून सांगते, रोज सकाळी चहाच्या आधी हवामान खात्याचा वाऱ्याचा अंदाज बघा. तिथे वेग सेकंदाला किती मीटर असा देतात. ‘वीस’ वाचून आपल्याला काहीच वाटत नाही, पण वीस म्हणजे ताशी ७२ किलोमीटर, आणि झोत त्याहून जोरदार असतात. उंच व्हॅनला आडवा वारा फार लागतो. पंधराला सावध व्हायचं आणि वीसला जागचं हलायचं नाही, असं आम्ही ठरवून टाकलं. गाडी उभी करताना तोंड वाऱ्याकडे ठेवा आणि दार दोन्ही हातांनी धरूनच उघडा. वाऱ्याने दार मोडलं तर भाड्याच्या गाडीचा विमा बहुधा ते नुकसान भरून देत नाही. उडत्या वाळूने रंग खरवडला गेला तर त्याचा विमाही वेगळा असतो. सही करण्याआधी हे दोन्ही विचारून घ्या.

रस्ता उघडल्यावर आम्ही स्केदारारसांदुरची काळी वाळू ओलांडली. हिमनदीच्या पाण्याने सतत पात्रं बदलणाऱ्या या पट्ट्यावर पूल बांधणं इतकं अवघड होतं, की रिंग रोडचा हा शेवटचा दुवा थेट १९७४ मध्ये जोडला गेला. पुढे १९९६ मध्ये बर्फाखालच्या ज्वालामुखीचा उद्रेक झाला आणि आलेल्या पुराने तिथला पूल वाहून नेला. त्याच्या पिळवटलेल्या तुळया रस्त्याकडेला ठेवल्या आहेत. त्यांच्याजवळ थोडा वेळ थांबाच. बंद रस्त्याचा राग तिथे आपोआप उतरतो.

वीकजवळच्या रेनिसफ्यारा किनाऱ्यावर लाटांकडे पाठ फिरवून फोटो काढू नका. शांत दिसणाऱ्या पाण्यातून एखादी लाट अचानक फार आत येते आणि माणसाला ओढून नेते. तिथे जीव गेले आहेत. व्हॅनमध्ये झोपायचं ते कॅम्पसाइटवरच, वाटेल तिथे मुक्काम करायला कायद्याने बंदी आहे. बहुतेक कॅम्पसाइटना आगाऊ आरक्षण लागत नाही, ही मोठीच सोय. मुक्काम मोकळे ठेवता येतात. नकाशावर ‘एफ’ने सुरू होणारे डोंगरी रस्ते फोर व्हील ड्राइव्ह गाडीशिवाय घेऊ नका. आणि रस्ता सोडून शेवाळावर चाक मुळीच घालू नका. ते शेवाळ पुन्हा वाढायला कित्येक दशकं लागतात, हे ऐकल्यापासून मी त्यावर पाऊलसुद्धा ठेवलं नाही.

शेवटी दोघांनी मिळून जायचं असेल तर एक गोष्ट घरीच ठरवा. तिथे गाड्या उजव्या बाजूने चालतात, पुष्कळ पूल एकेरी आहेत, उन्हाळ्यात मेंढ्या मोकाट असतात. चालवणाऱ्याला ‘अजून थोडं जाऊ’ वाटत असताना शेजारी बसलेल्याला भीती वाटत असेल, तर थांबायचं. वाद नको, खुलासा नको. दोघांपैकी एकाचा नकार पुरे. आणि परतीच्या विमानाआधीचा अख्खा दिवस रेक्याविकमध्ये रिकामा ठेवा. वाऱ्याने अडवलंच तर तो दिवस वाटेत खर्च करता येतो.